गाडी संगणकातली चालेल, रस्ता खराच हवा

मोटारीच्या जाहिरातीत जी गाडी आपण डोळे भरून पाहतो, ती अनेकदा त्या रस्त्यावर कधी गेलेलीच नसते. रस्त्याचा फोटो वेगळा काढलेला असतो, गाडी संगणकात घडवलेली असते आणि दोन्हींचा मेळ नंतर स्टुडिओत घातला जातो. हे काम इतके सफाईदार झाले आहे की सांधा कुठे आहे हे जाणकारालाही चटकन सांगता येत नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये या विषयावर बोलायला हवे, कारण हे शहर गाड्यांवर जगते. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, २००१ मध्ये स्कोडा शेंद्र्यात आली, पाठोपाठ ऑडी आली, आणि त्यांच्यासाठी सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांवर इथली हजारो घरे उभी राहिली. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. बिडकीनला एथरच्या विजेवरच्या स्कूटरचा कारखाना जाहीर झाला. या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी तिची चित्रे आपल्यापुढे येतील. नव्या बसची, उड्डाणपुलाची, मेट्रोची चित्रेही अशीच प्रत्यक्षाच्या आधी येतात. त्या चित्रांकडून आपण काय मागायचे, हे आताच ठरवायला हवे. माझे म्हणणे एवढेच आहे: गाडी खुशाल संगणकातली असू द्या, पण ती ज्या रस्त्यावर उभी केली तो रस्ता, त्याचा उजेड आणि त्याची गर्दी यांना हात लावू नका.

गाडी संगणकातली असण्यात मुळात गैर काहीच नाही. कुठलीही नवी गाडी लोखंडात उतरण्याआधी आराखड्याच्या रूपाने संगणकात तयार असते; पत्र्याचा वळसा, दिव्याची काच, दाराची फट, सगळे मिलिमीटरच्या हिशेबात. तोच आराखडा चित्रासाठी वापरला की एका गाडीचे आठ रंग दाखवायला आठ गाड्या रंगवाव्या लागत नाहीत, पावसाने चित्रीकरण अडत नाही आणि बाजारात येण्याआधी गाडी उघड्यावर नेऊन गुपित फोडावे लागत नाही. लंडनच्या 'द मिल' या स्टुडिओने २०१६ मध्ये 'ब्लॅकबर्ड' नावाचे एक वाहनच बनवले. त्याची लांबी-रुंदी कमीजास्त करता येते; ते खऱ्या रस्त्यावर पळवायचे, चित्रण करायचे आणि नंतर त्याच्या जागी हवी ती संगणकीय गाडी बसवायची. या साऱ्या कामाचा पाया अमेरिकी संशोधक पॉल डेबेवेक यांच्या १९९८ च्या शोधनिबंधात आहे. खऱ्या जागेवरचा उजेडच मोजून आणायचा आणि त्याच उजेडात संगणकातली वस्तू उजळायची, ही त्यांची कल्पना. त्यासाठी जागेवर आरशासारखा चकचकीत गोळा ठेवून त्याचे फोटो काढतात, एक अगदी कमी उजेड घेणारा, एक थोडा जास्त, एक आणखी जास्त. ऊन आणि सावली यांच्यातला फरक एका फोटोत मावत नाही, म्हणून हे अनेक फोटो एकत्र करून त्या जागेचा सगळ्या बाजूंचा उजेड आकड्यांत साठवला जातो. थोडक्यात, या तंत्राचा जन्मच मुळी जागेशी इमान राखण्यातून झाला आहे.

हे काम करणारा माणूस स्क्रीनसमोर बसून काय करतो, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. तो आधी फोटोत क्षितिजाची रेषा शोधतो. फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर सपाट जमिनीवरच्या प्रत्येक उभ्या वस्तूला ती रेषा दीड मीटर उंचीवरच छेदते, वस्तू जवळ असो की लांब. म्हणजे दीड मीटर उंचीच्या मोटारीचे छप्पर क्षितिजाला टेकलेच पाहिजे. टेकले नाही, तर गाडी एकतर खेळण्यातली दिसते किंवा ट्रकएवढी. मग सावली. उघड्या आकाशाखालची सावली निव्वळ काळी नसते. तिच्यात आभाळाचा निळसरपणा उतरलेला असतो. मात्र टायर जिथे जमिनीला टेकतो, तिथे एक बारीक, जवळजवळ काळी रेघ असते, कारण त्या फटीत कुठूनच उजेड शिरत नाही. ती रेघ राहून गेली की पाहणारा चटकन म्हणतो, गाडी तरंगतेय. आराखड्यातला टायर तंतोतंत गोल असतो. वजनाखालचा खरा टायर तळाशी किंचित चेपतो, बाजूने फुगतो, तेही करावे लागते. दाराच्या खालच्या पट्ट्यावर जमिनीचा रंग चढतो: डांबरावर करडा, कडेच्या मुरमावर तांबूस. आणि सगळ्यात अवघड काम प्रतिबिंबाचे. गाडीचा रंग म्हणजे वळणावळणाचा आरसाच. बॉनेटमध्ये आकाश दिसते. पण कॅमेऱ्यासमोरच्या दारात दिसते ते फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागचे जग, म्हणजे फोटोच्या चौकटीत जे आलेलेच नाही ते. गुलमंडीत उभ्या केलेल्या गाडीच्या दारात समोरच्या दुकानांच्या पाट्या, सायनबोर्डाखाली उभी माणसे, विजेच्या तारा दिसायला हव्यात. तिथे मोकळे कुरण चमकत असेल, तर कुणी सांगितले नाही तरी डोळा खटकतो.

उजेडाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. स्कोडाचे मूळ गाव म्लादा बोलेस्लाव साधारण ५०.४ अक्षांशावर आहे. तिथे वर्षभरात सूर्य कधीही क्षितिजापासून ६३ अंशांच्या वर चढत नाही आणि डिसेंबरच्या शेवटी तर भर दुपारी जेमतेम १६ अंशांवर असतो. आपले शहर २० अंशांच्या किंचित खाली आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. डिसेंबरातही तो दुपारी सुमारे ४७ अंशांवर असतो. हिशेब करून पाहा. दीड मीटर उंचीच्या गाडीची डिसेंबरातली दुपारची सावली म्लादा बोलेस्लावला पाच मीटरांहून लांब पडते, तर शेंद्र्यात दीड मीटरही भरत नाही. मे महिन्यात ती जवळजवळ सगळी गाडीच्या पोटाखालीच गोळा होते. बाहेरच्या उजेडाचे तयार नमुने घेऊन इथल्या रस्त्याच्या फोटोवर गाडी बसवली, तर ती सुंदर दिसेल, पण परकी दिसेल. जालना रोड साधारण पूर्व-पश्चिम जातो, म्हणून सकाळी शेंद्र्याकडे कामाला निघालेल्यांच्या डोळ्यांवर ऊन येते आणि संध्याकाळी परतताना पुन्हा डोळ्यांवरच येते. या रस्त्यावरच्या सकाळच्या फोटोत गाडीवर ऊन कुठून पडायला हवे, हे तिथून रोज जाणारा कामगार झटक्यात सांगेल. आपल्या भागाच्या उजेडाचे असे ज्ञान लोकांच्या अंगात असते, त्याला कमी लेखू नये.

आता मुद्द्याकडे येतो. या कलेचा नियम एकच आहे: फोटो म्हणेल तसे गाडीने वागायचे. फोटोतला सूर्य डावीकडे असेल तर गाडीची सावली उजवीकडे, फोटोत धूळ असेल तर गाडीवरही धूसरपणा, फोटोला बारीक कण असतील तर गाडीलाही ते द्यायचे. पण जेव्हा चित्र एखादा प्रस्ताव पटवून देण्यासाठी केले जाते, तेव्हा हा नियम सर्रास उलटा होतो. गाडी छान दिसावी म्हणून रस्ता बदलला जातो. हातगाड्या पुसल्या जातात, रिक्षा पुसल्या जातात, चुकीच्या बाजूने येणारा दुचाकीस्वार पुसला जातो, खड्डा बुजवला जातो, उन्हाने पिवळी पडलेली झाडे हिरवी होतात आणि फुटपाथ, जो तिथे नाही, तो उगवतो. परदेशातला रस्ता घेतला तर तो आडवा उलटवतात, म्हणजे वाहतूक डावीकडून होते. अक्षरे उलटी होतात म्हणून पाट्याही पुसतात. उरते ते एक निर्मनुष्य, निनावी गाव. त्यात बसवलेली बस कितीही हुबेहूब असली तरी तिने जागेशी नाते तोडलेले असते. आणि ज्या गोष्टी पुसल्या गेल्या त्या काही कचरा नव्हत्या. बस थांबायला जागा आहे का, रिक्षावाल्यांचे काय होणार, भाजीवाली बाई उठून कुठे बसणार, पायी चालणाऱ्याने रस्ता कसा ओलांडायचा, हे त्या प्रस्तावावरचे खरे प्रश्न होते. चित्राने ते उत्तर न देता मिटवून टाकले.

याचा परिणाम मोजतासुद्धा येतो. शहर बस साधारण तीन मीटर उंच असते. माणसाच्या नजरेच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत क्षितिजाची रेषा तिच्या निम्म्यावरून गेली पाहिजे. एखाद्या चित्रात ती बसच्या छताजवळून जात असेल, तर दोन शक्यता: कॅमेरा नजरेपेक्षा बराच वर होता, किंवा बस प्रमाणापेक्षा लहान केली आहे. बस लहान केली की रस्ता आपोआप रुंद होतो. अगदी आखूड नाभीय अंतराचे भिंग वापरूनही तेच साधते. जवळचे डांबर पसरट दिसते आणि दोन पदरी रस्ता चौपदरी भासतो. वेरूळला जाणारा रस्ता दौलताबादजवळ जुन्या तटबंदीच्या दरवाजातून जातो. तिथल्या फोटोवर मोठी पर्यटक बस बसवून पाहावी. प्रमाण इमानाने पाळले, तर दोन्ही बाजूंना किती जागा उरते, समोरून दुसरी बस आली तर काय होईल, हे एकाही आकड्याशिवाय कुणालाही समजेल. प्रमाणात थोडी ढिलाई केली, तर तोच दरवाजा ऐसपैस दिसेल. म्हणून मी या तंत्राला फसवणुकीचे साधन मानत नाही. नीट वापरले तर सामान्य नागरिकाच्या हातातले ते सर्वांत समजण्याजोगे मोजमाप आहे. शेंद्रा ते वाळूज उड्डाणपूल आणि मेट्रो यांची चर्चा या शहरात गेली काही वर्षे चालू आहे. सविस्तर प्रकल्प अहवाल किती लोक वाचतील? पण क्रांती चौकातल्या संध्याकाळच्या खऱ्या गर्दीच्या फोटोत, खऱ्या प्रमाणात बसवलेला खांब आणि त्यावरून जाणारी गाडी सगळे पाहतील, आणि त्यावर नेमके बोलतीलही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जाहिरात हे स्वप्नच असते आणि ते स्वप्न आहे हे लोकांना कळते. खासगी गाडीच्या जाहिरातीपुरते हे मी बऱ्याच अंशी मान्य करतो. बर्फाच्या डोंगरात एकटी धावणारी मोटार पाहून कुणी आपल्या गल्लीत बर्फ शोधत नाही. तरीही तिथे पूर्ण मोकळीक नाही, हे ध्यानात घ्यावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेची वाहनांच्या जाहिरातींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. वाहतुकीचे नियम मोडणे, बेफाम वेग यांचे चित्रण त्यांना मान्य नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई होऊ शकते. घरांच्या बाबतीत तर कायदा आणखी पुढे गेला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे कलम १२ सांगते की जाहिरातीतल्या किंवा नमुना घरातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागेल. म्हणजे विकत घेणाऱ्याला चित्रापासून संरक्षण आहे. पण जो नागरिक काहीच विकत घेत नाही, फक्त कर भरतो आणि ज्याच्या दारासमोरून उड्डाणपूल जाणार आहे, त्याला सार्वजनिक प्रकल्पाच्या चित्राविरुद्ध असा साधा, थेट आधार नाही. स्वप्न विकण्याची मुभा व्यापाऱ्याला असेल. लोकांच्या पैशाने लोकांचाच रस्ता दाखवणाऱ्या यंत्रणेला ती असू नये.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. फोटोग्राफर नेहमीच चौकट निवडतो, नको ते वगळतो, डार्करूममध्ये उजेड कमीजास्त करतो. चित्रकार तर सगळेच मनाने रचतो. मग संगणकावरच एवढा राग का? अजिंठ्याची चित्रे इथून शंभरेक किलोमीटरवर आहेत. त्या कलावंतांनी गालाचा, खांद्याचा उठाव छटांनी असा साधला की आजही थक्क व्हावे. पण वस्तूची जमिनीवर पडणारी सावली त्यांनी जवळजवळ कुठेच रंगवली नाही. त्यांना अमुक दिवस, अमुक वेळ, अमुक ऊन सांगायचेच नव्हते. ते चित्र स्वतःच्या नियमाने खरे आहे आणि ते पाहताना कुणाची दिशाभूल होत नाही. फोटोचे तसे नाही. या जागी, या वेळी हे होते, असा दावा फोटो गप्प राहूनही करतो, आणि त्याच दाव्याच्या बळावर त्यात बसवलेली गाडी खरी वाटते. रस्ता कुंचल्याने रंगवला असता तर गाडीवर कुणी इतका विश्वास ठेवला नसता. फोटोची विश्वासार्हता उसनी घ्यायची आणि त्यातले गैरसोयीचे तपशील मात्र पुसायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही. नुसते चित्र द्या, हरकत नाही. पण फोटो वापरला की त्याची शिस्तही पाळा. चौकट निवडण्याबद्दल म्हणाल, तर ती निवड असतेच. म्हणूनच जागा, दिशा आणि वेळ लिहून ठेवली की दुसरा माणूस तिथे जाऊन शेजारची चौकट पाहू शकतो.

तिसरे म्हणणे असे की आता हे सगळे जुने झाले. चार शब्द लिहिले की कृत्रिम बुद्धिमत्ता रस्ता, गाडी, ऊन, माणसे सगळे काही क्षणांत काढून देते, मग क्षितिज आणि सावल्यांचा हिशेब कोण करत बसणार? मला वाटते, त्यामुळे माझा मुद्दा उलट पक्का होतो. अशा चित्रातला जालना रोड हा जालना रोड नसतोच, जगभरच्या असंख्य रस्त्यांच्या फोटोंतून शिकलेली ती एक सरासरी असते. तिथे मोजण्यासारखे काही उरत नाही. याउलट जागेवर जाऊन काढलेला फोटो, मोजलेला उजेड आणि खऱ्या आराखड्यातली गाडी यांचा मेळ तपासता येतो, त्यातली चूक दाखवता येते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडलेल्या मसुद्यात कृत्रिमरीत्या तयार केलेल्या दृश्यावर किमान १० टक्के जागा व्यापणारी खूण असावी, असे सुचवले होते. हेतू चांगला आहे, पण मोठ्या शिक्क्याने प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. 'कृत्रिम' एवढेच सांगून पाहणाऱ्याला काय कळणार? चित्रातले कुठले अंग कृत्रिम आणि कुठले खरे, हे सांगणारी एक ओळ त्याहून उपयोगी. 'बस संगणकीय. रस्ता: सेव्हन हिल्स उड्डाणपुलाखाली, पूर्वेकडे तोंड करून, सकाळी साडेनऊ. फोटोत काहीही पुसलेले नाही.' एवढे लिहिल्याने चित्र विद्रूप होत नाही. आज घरांच्या जाहिरातींत कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत जी 'कलाकाराची कल्पना' असते, तिच्यापेक्षा हे प्रामाणिक आणि कामाचेही आहे.

खर्चाचे कारणही सांगितले जाईल. ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते. फक्त सावली पकडणारा अदृश्य पृष्ठभाग त्यात आयताच आहे. आरशासारखा गोळा, तिपाई आणि उजेड हाताने कमीजास्त करता येणारा साधा कॅमेरा एवढ्यावर काम भागते. उणीव आहे ती इथल्या उजेडाच्या साठ्याची. आपल्या शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या दारात देशातल्या नावाजलेल्या वाहन कंपन्या आहेत. क्रांती चौक, गुलमंडी, सिडको, मुकुंदवाडी, वाळूजचा पंढरपूर चौक, शेंद्र्याचा नाका, पैठण रोड अशा ठिकाणी उन्हाळा, पावसाळा, हिवाळ्यात, सकाळ-दुपार-संध्याकाळचे उजेड विद्यार्थ्यांनी मोजून ठेवले आणि ते सगळ्यांना खुले केले, तर कुठल्याही चित्रकाराला इथली गाडी इथल्या उन्हात उभी करता येईल. एका तुकडीच्या दोन सत्रांचे हे काम आहे. कला शाखेच्या मुलांना यातून कारखान्यांच्या कामाशी जोडून घेता येईल. आज आपण गाडीचा पत्रा घडवतो आणि तिची छबी दुसरीकडे घडते, ही स्थिती मला तरी पटत नाही.

महापालिकेने आणि रस्ते-वाहतुकीच्या यंत्रणांनी सल्लागार नेमताना निविदेतच तीन-चार अटी घालाव्यात. फोटो नजरेच्या उंचीवरून आणि वर्दळीच्या वेळी काढलेला असावा; त्यातले काहीही पुसू नये; गाडीचे प्रमाण खऱ्या मोजमापाशी जुळावे; आणि गाडी नसलेला मूळ फोटो त्याच पानावर, त्याच आकारात छापावा. २०१९ मध्ये 'माझी बस' रस्त्यावर आली, त्यामुळे बस इथल्या गर्दीतून कशी जाते हे लोकांना पाठ आहे. विजेवरच्या बसचे किंवा मेट्रोचे पुढचे चित्र ते त्याच अनुभवाशी ताडून पाहतील. सुनावणीच्या वेळी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, तर मुकुंदवाडीचा दुकानदारही बोट ठेवून विचारू शकेल की हा खांब माझ्या पायरीपासून किती फुटांवर येतो. अधिकाऱ्यांकडे त्याचे उत्तर फुटांत तयार असायला हवे.